जादा जोड

आमच्या गावच्या हायस्कूलच्या बँडमध्ये शंभरावर मुलं आहेत, एक बँडचे सर आहेत आणि एक बाई आहेत. मुलं दर चार वर्षांनी बदलतात. सरही मधे एकदा बदलले. बाई बदलत नाहीत. त्यांचा मुलगा कधीकाळी इथे ट्यूबा वाजवायचा, त्या निमित्ताने त्या पहिल्यांदा बँडच्या खोलीत शिरल्या. मुलगा पास झाला, कॉलेज संपवून नोकरीला लागला, त्याचे केस विरळ व्हायला लागले. ट्यूबा तर त्याने केव्हाच सोडला. बाईंनी बँड सोडला नाही. पगार शून्य, पद म्हणाल तर पालकसंघाच्या खजिनदार, आणि किल्ल्या मात्र मुख्याध्यापकांपेक्षा जास्त.

गाव ओहायोतलं. इकडे शाळेत बँड हा गणित-भूगोलाच्या बरोबरीने वेळापत्रकात असतो, त्याचे मार्क धरतात. ऑगस्टच्या उन्हात कवायतीचं शिबिर, मग दर शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराचा कार्यक्रम, आणि थंडी पडली की तीच मुलं खुर्च्यांवर बसून 'कॉन्सर्ट बँड' होतात. या सगळ्याला शाळेकडून मिळणाऱ्या पैशांत ढोलांची पानंसुद्धा बदलून होत नाहीत. म्हणून 'बँड बूस्टर्स' नावाचा पालकसंघ असतो. तो गाड्या धुतो, गाद्या विकतो, आणि नाताळाआधी फ्लोरिडाहून ट्रक मागवून संत्री विकतो. मी मूळचा नागपूरचा. सातासमुद्रापलीकडे जाऊन भल्या पहाटे बर्फात उभा राहून हा माणूस संत्र्यांच्या पेट्या उतरवील, असं कुणी माझ्या पत्रिकेत वाचलं असतं तर आईने त्या ज्योतिषाची दक्षिणा परत मागितली असती. बाई पेटीवरून नुसता हात फिरवतात आणि तळातलं सडकं संत्रं बाहेर काढतात. हे माझ्या आजोबांना जमायचं, पण त्यांची स्वतःची बाग होती.

अशा बाईंचा काहीतरी सत्कार करायचा, हे संघाच्या बैठकीत त्या फोटोकॉपी काढायला बाहेर गेल्या तेवढ्या वेळात ठरलं. त्या असताना काही ठरवणं शक्यच नव्हतं. 'पाटी लावू,' कुणी म्हणालं. पाट्या बसवायचं कामही बाईंकडेच आहे. 'मैदानाशेजारी त्यांच्या नावाचा बाक ठेवू.' यावर सगळे गप्प झाले, कारण बाईंना बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. झाडाची सूचना आली आणि पाणी कोण घालणार या प्रश्नावर उत्तर एकच निघत असल्यामुळे मागे पडली. शेवटी सर म्हणाले, आपण त्यांच्यासाठी एक रचना लिहून घेऊ. कॉन्सर्ट बँडसाठी, नवी कोरी, पहिल्या पानावर त्यांचं नाव.

इकडे ही रीतच आहे. आपण शाल-श्रीफळ देतो, इथले बँड संगीतकाराकडून पाच मिनिटांची रचना लिहून घेतात. 1989 साली डेव्हिड होलसिंगरने आपल्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होताना एका जुन्या प्रार्थनागीतावर बँडसाठी छोटी रचना लिहिली, ती आज अमेरिकाभर वाजते. निमित्तं तर याहून किरकोळही चालतात. वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने 1889 साली निबंधस्पर्धा घेतली आणि बक्षीस समारंभासाठी जॉन फिलिप सूझाकडून एक मार्च लिहून घेतला. मार्च जगभर गेला. निबंध कुठे गेले कोण जाणे, आणि हे मी निबंध लिहिणाऱ्या जमातीतला असूनही शांतपणे सांगतो आहे. गुस्ताव होल्स्ट लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवायचा. शाळेने त्याला बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी खोली बांधून दिली, तेव्हा या गृहस्थाने कृतज्ञतेपोटी शाळेच्या वाद्यवृंदासाठी 'सेंट पॉल्स स्वीट' लिहिली. शाळेत शांतता मिळाल्याबद्दल लिहिलेलं दुसरं संगीत मला माहीत नाही. हाच होल्स्ट संस्कृत शिकला होता आणि त्याने आपल्या सावित्रीवर ऑपेराही लिहिला. ही माहिती मी बैठकीत मोठ्या अभिमानाने दिली. 'छान,' म्हणून अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. पुढचा विषय पैसे हा होता.

एकट्या शाळेला परवडत नाही म्हणून आसपासच्या तीन शाळांना विचारलं. इकडे याला कन्सोर्शियम म्हणतात. गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही, फरक एवढाच की इकडे दारात उभं राहून ढोल वाजवायचा नसतो, ईमेल पाठवायची असते. तिन्ही शाळांकडून होकार आला, आणि तिघांनीही एकच वाक्य लिहिलं: आमच्याकडेही अशा एक बाई आहेत.

बाईंना कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. मात्र संघाच्या चेकवर दोन सह्या लागतात, एक अध्यक्षांची आणि दुसरी खजिनदारांची. तेव्हा अध्यक्षांनी चेक 'स्वरलिपी व किरकोळ' या सदराखाली पुढे सरकवला. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

'किरकोळ एवढं?'

अध्यक्ष खोकले. नवीन रचना आहे म्हणाले. शाळेसाठी.

'एवढ्यात वापरलेला का होईना, एक बसून आला असता.'

बसून हे लाकडी, लांबलचक, महागडं फुंकवाद्य. आमच्या बँडमध्ये ते नाही, आणि बाईंच्या दिनक्रमातही नाही. त्यांनी सही केली, वर पावती मागितली आणि एक अट घातली: प्रत्येक मुलाला काहीतरी वाजवायला असलं पाहिजे. त्यांना अंदाज आला होता की नव्हता, यावर पालकसंघात आजही दोन गट आहेत.

संगीतकार म्हणून तिशीतली एक मुलगी ठरली. तिने आधी प्रश्नावली पाठवली. ज्यांच्यासाठी रचना आहे त्यांचं आवडतं गाणं? लहानपणीची नदी? आवडता ऋतू? ही उत्तरं गुपचूप काढायचं काम माझ्याकडे आलं. मी संत्री उतरवता उतरवता विचारलं, तुम्ही गाडीत कुठलं संगीत ऐकता? 'काहीच नाही,' त्या म्हणाल्या. 'दिवसभर क्लॅरिनेट ऐकल्यावर कानांना सुट्टी नको?' मी प्रश्नावलीत 'शांतता' असं लिहून पाठवलं. नावातली अक्षरं सुरांत बसवायची युक्तीही तिने करून पाहिली. पाश्चात्य सुरांना ए ते जी ही नावं, जर्मनांत तर बी आणि एच हे दोन वेगळे सूर, त्यामुळे बाखचं अख्खं आडनाव वाजवता येतं. आमच्या बाईंच्या नावाआडनावात मिळून वाजण्यासारखं एकच अक्षर निघालं. एका सुरात कुणाचा गौरव करणं तंबोऱ्याला जमतं, बँडला जमत नाही. आपल्या पद्धतीने करून पाहावं तर सारेगमतलाही फक्त 'म' सापडला. एखाद्या साने बाईंवर लिहायचं असतं तर किती सोपं गेलं असतं!

पहिला खर्डा आला तो कॉम्प्युटरवर वाजवून पाठवलेला. संथ, गंभीर, खालच्या पट्टीत ट्रॉम्बोन, मधे एकट्या हॉर्नची हाक, आणि शेवटी घंटेचे तीन टोल. बैठकीत सगळे माना खाली घालून ऐकत होते. मागे उशिरा आलेल्या एका पालकाने हलक्या आवाजात विचारलं, 'कधी गेल्या?'

बँडच्या गौरवरचनांचं हे दुखणं जुनं आहे. यातल्या कितीतरी खरोखरच कुणाच्या तरी आठवणीत लिहिलेल्या असतात. कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर फ्रँक टिकेलीने 2000 साली जी शोकरचना दिली, तिथे ते सूर हवेतच, दुसरे शोभलेच नसते. पण आदर म्हटलं की हात आपोआप त्याच सुरांकडे जातो. जिवंत, धडधाकट, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन तुमच्या दिशेने येणाऱ्या बाईबद्दल आदर दाखवायला संगीतात फारशी सोय नाही.

एल्गारने ती केली होती, हे त्या मुलीला सरांनी सुचवलं. त्याच्या 1899 सालच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मध्ये मित्रांची चित्रं आहेत, पण त्यांच्या थोरवीची नाहीत, सवयींची आहेत. एक जमीनदार मित्र दार धाडकन लावून निघून जातो, ते अर्ध्या मिनिटात वाजतं. एका ऑर्गनवादक मित्राच्या नावावर जो भाग आहे, त्यात मुख्यतः त्याचा डॅन नावाचा बुलडॉग उतारावरून नदीत पडतो, पोहतो आणि काठाला लागून भुंकतो. मित्राने तक्रार केल्याची नोंद नाही.

तेव्हा एका शुक्रवारी ती मुलगी स्वतःच मैदानावर आली, हातात वही घेऊन. मध्यंतराला थोडा अवकाश होता. गणवेश घातलेली शंभर मुलं स्टँडच्या मागच्या अंधारात रांगेत उभी, आणि रांगेच्या तोंडाशी बाई, हातात पांढरे हातमोजे. बँडच्या उंच टोपीवर पिसांचा तुरा असतो. तो मुलांच्या ताब्यात कधीच द्यायचा नाही, कारण बोटांच्या तेलकटपणाने पिसं चिकटतात आणि मुलांच्या हाती दिलेल्या तुऱ्याची पाच मिनिटांत तलवार होते. म्हणून प्रत्येक मूल पुढे येतं, मान झुकवतं, बाई पेटीतून तुरा काढतात, टोपीच्या खोबणीत बसवतात, हलकेच एक झटका देऊन पाहतात, पुढचा. देवळात तीर्थ घेताना असते तशी ती रांग. मात्र तीर्थ देणारा पुजारी इतक्या गोष्टी बघत नाही. मान झुकवलेल्या मुलाच्या बुटांकडे बाईंचं लक्ष असतं. 'मोजे!' त्या म्हणाल्या. तो सॅक्सोफोनवाला मुलगा ओशाळला. गणवेशाची विजार काळी, बूट काळे, आणि मधे चालताना चमकणारे दोन पांढरे पट्टे. बाईंनी कमरेच्या पिशवीतून काळ्या मोज्यांची जोडी काढली. दर शुक्रवारी कुणी ना कुणी पांढरे मोजे घालून येतोच, आणि दर शुक्रवारी पिशवीत एक जादा जोड असतेच. त्या पिशवीत याशिवाय सेफ्टी पिना, केसांचे आकडे, क्लॅरिनेटच्या पट्ट्या, ट्रंपेटच्या कळांचं तेल, सॅनिटरी पॅड आणि साखर कमी झालेल्यांसाठी एक चॉकलेट. मुलगी वहीत काहीच लिहीत नव्हती. मैदानावर बँड वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणाचे मोजे काळे होते हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

अडचण नेमकी हीच होती. बाईंचं सगळं काम म्हणजे जे घडत नाही ते. बटण तुटत नाही, बस चुकत नाही, कुणी उन्हाने कोसळत नाही. न घडलेल्या गोष्टींना चाल कशी लावणार?

उत्तर तिला शाळेच्या बँडच्या व्यवहारातच मिळालं. शाळेसाठी लिहिणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. पहिली गंमत म्हणजे बँडचा सा. आपल्या पेटीच्या हिशेबाने हे सगळे काळी पाचमध्ये सूर लावतात. पण तोच सूर क्लॅरिनेटच्या कागदावर सी असतो, ऑल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर जी, हॉर्नच्या कागदावर एफ, आणि ट्रॉम्बोनच्या कागदावर आहे तसा बी फ्लॅट. एका सुराला चार नावं आणि तरी तंटा नाही, हे मराठी मंडळांनी येऊन पाहण्यासारखं आहे. दुसरी गोष्ट, क्लॅरिनेटवर एक उंबरठा असतो: एकही भोक न झाकता वाजणाऱ्या सुराच्या जवळच असा सूर आहे की त्याला सगळी भोकं एकदम झाकावी लागतात. नवशिक्यांना त्या उंबरठ्यावरून सारखी ये-जा करायला लावली तर सुराऐवजी किंकाळी निघते. तिसरी गोष्ट म्हणजे हजेरी. शाळेच्या बँडमध्ये ओबो वाजवणारी मुलगी एकच असते, आणि ती कार्यक्रमाच्या दिवशी आजारी पडते. म्हणून शाळेसाठी लिहिणारे जाणते लोक ओबोची चाल बासरीच्या कागदावरही बारीक टाइपात छापून ठेवतात. त्यांना क्यू म्हणतात. ओबो हजर असला तर बासरीने गप्प बसायचं, नसला तर उचलायचं. श्रोत्यांना पत्ता लागता कामा नये.

म्हणजे स्वरलिपीतली जादा जोडच की! त्या मुलीने सगळी रचनाच या बारीक टाइपावर उभी केली. एक साधी चाल, ती सतत कुणीतरी सोडतं आणि दुसरं कुणीतरी उचलतं. लांबलेल्या सुरात एकाने श्वास घेतला की शेजाऱ्याने घ्यायचा नाही, असं प्रत्येकाचं श्वासाचं ठिकाण वेगळं. चाल कुणाच्याच मालकीची नाही, आणि कुठेच तुटत नाही. घंटा काढून टाकली. तिच्या जागी किल्ल्यांचा जुडगा, डब्यातल्या सेफ्टी पिना, आणि स्टेजवर चिकटवायची काळी टेप फाडल्याचा आवाज, तोही तालात.

मुलांनी नाव सुचवलं 'ब्लॅक सॉक्स'. आता बँडरचनांची नावं सहसा गरुड, शिखर, पहाट, क्षितिज यांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे मला ते फार आवडलं. पण पालकसंघातल्या एका आजोबांनी टेबलावर हात आपटला. 1919 साली शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर बेसबॉलची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन हरल्याचा ठपका आला, पुढे आठहीजणांवर जन्माची बंदी आली, आणि त्या भानगडीला इथे 'ब्लॅक सॉक्स' म्हणतात. आपल्याकडे सट्टेबाजीचे किस्से पानावर चघळतात, इकडे त्यांचं सुतक पाळतात. त्यात ती सिरीज जिंकलं कोण? सिनसिनाटी. म्हणजे ओहायो. 'आपण आपल्या बळावर जिंकलो होतो,' आजोबा म्हणाले, जणू ते शेवटच्या चेंडूला तिथे होते. नाव बदलून 'एक्स्ट्रा पेअर' ठेवलं.

सराव सुरू झाले आणि लपवाछपवी संपली, कारण सगळ्या कागदांच्या प्रती बाईंनीच काढल्या. पहिल्या पानावर स्वतःचं नाव पाहून त्या काय म्हणाल्या? 'तिसऱ्या क्लॅरिनेटला पान उलटायला वेळच ठेवलेला नाही.' खरंच ठेवलेला नव्हता. मग टेपचा मुद्दा निघाला. प्रत्येक सरावाला अर्धं रीळ जात होतं. त्यांच्या हुकमावरून टेप जाऊन जुन्या गणवेशाचं व्हेल्क्रो आलं, आणि संगीतकार मुलीने कबूल केलं की आवाज उलट सुधारला. सगळ्यात शेवटी त्या तालवाद्यांच्या टेबलापाशी गेल्या. तिथे ट्रायँगल घेऊन एक मुलगा उभा असतो. त्याला सगळ्या रचनेत दोन ठोके, आणि मधे ऐंशीच्या वर मात्रागट नुसतं मोजत राहायचं.

'हा मोजत नाही,' बाई संगीतकाराला म्हणाल्या. 'हा रिकामा राहिला की ट्रायँगलची काठी नाकात घालतो. त्याला काम द्या.'

त्याला पिनांचा डबा दिला. संगीतशास्त्राच्या दृष्टीने तो बदल कितपत अपरिहार्य होता मला सांगता येणार नाही, पण आता त्या जागी डबा नसला तर चाल लंगडी वाटते.

मे महिन्यात कार्यक्रम झाला. माझ्यावर कामगिरी होती ती बाईंना पहिल्या रांगेत बसवून ठेवण्याची, आणि मुलीच्या लग्नातसुद्धा मला एवढा घाम फुटणार नाही. दोनदा त्या खुर्च्या मोजायला उठल्या. ओबोवाली मुलगी अपेक्षेप्रमाणे तापाने घरी होती. बासरीने बारीक टाइप उचलला, आणि सभागृहात ते समजलेली माणसं तीन: सर, संगीतकार आणि बाई. पाच मिनिटं बाईंची नजर स्टेजवरून हलली नाही. मला वाटलं, चला, पोचलं बुवा. तेवढ्यात त्या माझ्या कानाशी वाकल्या.

'मागच्या रांगेतला दुसरा ट्रॉम्बोन,' त्या म्हणाल्या. 'पांढरे.'

टाळ्या फार वेळ चालल्या. त्यांना स्टेजवर बोलावलं, फुलं दिली. सरांनी माइक त्यांच्या हातात देऊन दोन शब्द बोलायला सांगितलं. बाईंनी फुलं ट्रायँगलवाल्याच्या हाती दिली, म्हणजे त्यालाही काम झालं, आणि माइक तोंडाजवळ आणला.

'थँक यू. जाताना सगळ्यांनी फोल्डर डावीकडच्या पेटीत टाका, उजवीकडची पेटी शेजारच्या शाळेची आहे. खुर्च्या दहा-दहाच्याच थप्पीत. आणि दुसऱ्या हॉर्नचं दुसरं पान ज्याच्याकडे असेल त्याने ते आत्ता, माझ्यासमोर, बाहेर काढायचं आहे.'